किल्ली द्यायच्या आधी स्वयंपाकघर बघा

खामगावात शेगाव रस्त्याच्या किंवा नांदुरा रस्त्याच्या बाजूने वाढलेल्या वस्त्यांमधून फिरलं की नव्या घरांच्या बांधणीत एक गोष्ट सारखी दिसते. वर जाणारा जिना घराच्या आतून नसतो, बाहेरून काढलेला असतो. ज्या घराचा जिना बाहेर, त्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा, हे कुणाला सांगावं लागत नाही.

बाहेरून आलेल्या माणसाला जागा देण्याची सवय या गावाला जुनी आहे. कापसाच्या बाजारासाठी जलंबहून आगगाडीचा फाटा 1870 साली इथवर आला, पुढे चांदीच्या व्यापाराने गावाला रजतनगरी हे नाव मिळवून दिलं. आता येणारी माणसं वेगळी आहेत. शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारी मुलं, एमआयडीसीतले कामगार, बदली होऊन आलेले बँकेचे आणि सरकारी कर्मचारी, मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून उठून आलेली शेतकरी कुटुंबं. घर देणाऱ्यांमध्येही नवखे बरेच असतात. निवृत्तीच्या पैशातून वर दोन खोल्या चढवलेले गुरुजी, किंवा वडिलांच्या माघारी रिकाम्या पडलेल्या घराचं काय करायचं या विचारात असलेली पुण्यातली मुलं.

अशा नवख्या मालकाच्या डोक्यात डिपॉझिट असतं, विजेचं वेगळं मीटर असतं, पाण्याची मोटर कुणी किती वेळ लावायची हे असतं. गॅसचा विषय निघाला तर तो एका वाक्यात संपतो. एक तर "गॅसचं तुमचं तुम्ही बघा", नाही तर मोठ्या मनाने "आमचा एक सिलिंडर शिल्लक आहे, तोच वापरा, भरल्याचे पैसे तेवढे द्या." पहिल्या वाक्यात मालक आपली जबाबदारी झटकतो आणि दुसऱ्यात नको ती जबाबदारी अंगावर घेतो. या दोन्हींच्या मधली वाट कायद्यानेही दाखवली आहे आणि गॅसच्या स्वभावानेही. ती समजून घ्यायला अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास किल्ली देण्याआधीचा असला पाहिजे.

आपल्याकडचा एखादा मुलगा लंडनला स्थायिक होतो, तिथे घर घेतो, पुढे ते भाड्याने द्यायला काढतो, तेव्हा त्याला पहिल्याच आठवड्यात एका कागदाची ओळख होते. ब्रिटनमध्ये 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे घरमालकाला आपल्या मालकीचं प्रत्येक गॅस उपकरण आणि धुराडं दर बारा महिन्यांत एकदा नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावं लागतं. तपासणीचा दाखला 28 दिवसांच्या आत भाडेकरूच्या हातात द्यावा लागतो, नवा भाडेकरू असेल तर तो राहायला येण्याआधी. टाळाटाळ केली तर तो फौजदारी गुन्हा ठरतो.

असा वार्षिक दाखला आपल्याकडे कायद्याने मागितलेला नाही, आणि त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये घरातला बॉयलर, भिंतीतली पाइपलाइन, शेगडी हे बहुतेकदा मालकाचं असतं. आपल्याकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर तेल कंपनीचे, ते अनामत रकमेवर ग्राहकाला वापरायला मिळालेले. नळी आणि शेगडी ग्राहकाची. म्हणून आपल्या नियमांनी तपासणीचा भार ग्राहक आणि गॅस एजन्सी यांच्यावर टाकला, घरमालक त्या साखळीत कुठेच आला नाही. पण म्हणून मालक मोकळा झाला असं जे मानलं जातं, ते चुकीचं आहे.

आपल्याकडे आज जे 'लिव्ह अँड लायसन्स' करारनामे होतात, त्यांचं मूळ 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात आहे. या जुन्या कायद्याची दोन कलमं करार टाइप करून देणारा सहसा सांगत नाही. कलम 57 म्हणतं की जागेत परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष असेल, आणि तो मालकाला ठाऊक असून राहायला येणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो उघड करून सांगायला मालक बांधील आहे. कलम 58 म्हणतं की जागा धोकादायक होईल असं काहीही मालकाने करता कामा नये. साधा भाडेपट्टा असेल तर त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 108 वापरात अडचण येईल असे छुपे दोष सांगण्याचं बंधन मालकावर घालतं. आता ही कलमं स्वयंपाकघरात उभं राहून वाचा. बाथरूममधल्या गॅस गिझरच्या धुराला बाहेर जायला वाट नाही, हे मालकाला माहीत आहे. ओट्याखालच्या कपाटाला एकही झरोका नाही, हेही माहीत आहे. भाडेकरूला यातलं काही दिसत नाही, त्याला नव्या टाइल्स दिसतात. न सांगता किल्ली दिली तर ते बंधन मोडलं.

याच्या पुढची पायरी फौजदारी आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आग किंवा ज्वालाग्राही पदार्थाबाबतच्या हयगयीसाठी कलम 287 आहे, आणि हयगयीमुळे कुणाचा जीव गेला तर कलम 106, ज्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रत्येक अपघातात मालक दोषी ठरतो असं मुळीच नाही. पण चौकशीला येणारा अधिकारी हेच विचारणार की ही वस्तू कुणी बसवली, कुणाच्या नावावर होती आणि दोष कुणाला माहीत होता. या प्रश्नांची उत्तरं आधीच तयार असणं हे मालकाचं काम आहे.

आता गॅसचा स्वभाव बघू, कारण बांधकामातली प्रत्येक सूचना तिथूनच निघते. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली द्रवरूपात असतात. बाहेर पडताना एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, म्हणून तो वर जात नाही. जमिनीवर सांडलेल्या पाण्यासारखा तो खाली पसरतो, उताराकडे जातो, कोपऱ्यात आणि ओट्याखाली साचून राहतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेलं की पेट घेण्यासाठी एक ठिणगी पुरते. हिशेब करून बघा. एक लिटर द्रव म्हणजे जेमतेम अर्धा किलो गॅस, 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरचा सव्विसावा भाग. त्याचा अडीचशे लिटर वायू साडेबारा हजार लिटर हवेला पेट घेण्याजोगी करू शकतो, आणि आठ फूट बाय सहा फुटांचं, नऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर भरायला तेवढी हवा पुरते. भाड्याच्या खोल्यांमधली स्वयंपाकघरं याहून मोठी क्वचितच असतात. प्रत्यक्षात वायू खोलीभर सारखा मिसळत नाही, तळाशीच दाट राहतो, म्हणून याहून कमी गळतीतही खालचा थर पेटू शकतो.

मुंबई-पुण्यात पाइपने येणारा नैसर्गिक वायू याच्या उलट वागतो. तो मिथेन असल्याने हवेपेक्षा हलका असतो, छताकडे जातो, आणि तिथे झरोका वर लागतो. सिलिंडरच्या घराला झरोका खाली हवा. मुंबईच्या फ्लॅटचा नकाशा बघून खामगावात स्वयंपाकघर बांधणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवायला हवा. वर एक एक्झॉस्ट फॅन लावला की काम झालं असं समजून मिस्त्री निघून जातो, आणि जिथे गॅस साचणार त्या जमिनीलगत एकही भोक नसतं.

म्हणून भाड्याने द्यायच्या स्वयंपाकघरात मालकाने स्वतः गुडघ्यावर बसून बघावं. जमिनीपासून वीतभर उंचीत बाहेर उघडणारा झरोका आहे का? ओट्याखाली सिलिंडरसाठी कपाट केलं असेल तर त्याच्या दारांना खाली आणि वर दोन्हीकडे जाळी आहे का? आजकाल मॉड्युलर किचनच्या हौसेत ही कपाटं अगदी घट्ट बंद करतात, आणि दिसायला सुंदर अशी गॅस साठवायची पेटी तयार होते. ओट्याची उंची सिलिंडरपेक्षा जास्त असायला हवी, कारण शेगडी नेहमी सिलिंडरच्या वर असावी लागते. खोलीला ओटाच नसेल तर भाडेकरू शेगडी जमिनीवर ठेवणार आणि सिलिंडर तिच्या शेजारी उभा करणार. ओटा न बांधता खोली भाड्याने देणं मला तरी पटत नाही. दोन फरशांचा खर्च वाचवण्याची ती जागा नाही. फ्रीजचा किंवा मिक्सरचा प्लग सिलिंडरच्या उंचीवर, त्याच्या अगदी बाजूला दिलेला असेल तर तो वर सरकवून घ्या. आणि सिलिंडर बाल्कनीत ठेवून रबरी नळी भिंतीच्या भोकातून आत आणायची युक्ती कुणी सुचवली तर तिला ठाम नकार द्या. भिंतीतल्या नळीला भेग पडली तर ती कुणाला दिसणार नाही.

आता कनेक्शनचा प्रश्न. "आमचा सिलिंडर वापरा" हे वाक्य माणुसकीचं आहे यात शंका नाही. नव्या गावात आलेल्या मुलाला दोन दिवस जेवायला घालण्याइतकंच ते आपल्याला स्वाभाविक वाटतं. पण गॅसचं कनेक्शन नावावर आणि पत्त्यावर मिळतं. द्रवरूप पेट्रोलियम वायू (पुरवठा व वितरण नियमन) आदेश, 2000 हा जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली निघालेला आदेश आहे, आणि त्यात घरगुती कनेक्शन एका कुटुंबाला एकच असा नियम आहे. कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारे नवरा-बायको, अविवाहित मुलं, अवलंबून असलेले आईवडील. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू हे वेगळं कुटुंब झालं. आजीच्या नावावर राहून गेलेलं दुसरं कनेक्शन त्याला देणं म्हणजे आपला सिलिंडर दुसऱ्याच्या घरात आपल्या नावाने जाळणं.

याची खरी किंमत अपघात झाल्यावर कळते. तेल कंपन्या आपल्या ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा काढतात, ज्याचा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही आणि ज्याची माहिती दहा घरांपैकी एखाद्यालाच असते. गॅसच्या अपघातात मृत्यू झाला तर माणशी 6 लाख रुपये, उपचारांसाठी एका घटनेला 30 लाखांपर्यंत पण माणशी 2 लाखांच्या मर्यादेत, आणि मालमत्तेचं नुकसान झालं तर 2 लाखांपर्यंत, असं त्याचं सर्वसाधारण स्वरूप आहे. मालमत्तेच्या भरपाईला अट अशी की अपघात ग्राहकाच्या नोंदवलेल्या पत्त्यावर झालेला हवा. सिलिंडर खालच्या घराचा आणि जळालं वरचं घर, तर दाव्याच्या पहिल्याच कागदावर अडचण उभी राहते. भिंती आणि स्लॅब मालकाचे, म्हणजे भरपाई हुकण्याचं दुःख बऱ्याच अंशी त्याचंच.

भाडेकरूला स्वतःचं कनेक्शन काढायला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि तिथे मालकाची गाठ पडते. नोंदणी केलेला भाडेकरारनामा हातात असला की गॅस एजन्सीत काम होतं. तो नसला की भाडेकरू दुसरे मार्ग शोधतो, आणि त्यातला सगळ्यात वाईट मार्ग खोल्या करून राहणाऱ्या मुलांमध्ये सर्रास दिसतो. वरच बर्नर बसवलेली छोटी टाकी, जी घरगुती सिलिंडरमधून चोरून भरून आणलेली असते. अशा टाकीवर कुठलीही तपासणी झालेली नसते, भरणाऱ्याने ती काठोकाठ भरलेली असू शकते, आणि द्रवाला फुगायला जागाच उरली नाही तर खामगावच्या मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या खोलीत तिचं काय होईल याची कल्पना करवत नाही. याला सरळ कायदेशीर पर्याय आहे. 5 किलोचा सिलिंडर तेल कंपन्या साध्या ओळखपत्रावर देतात, पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्याचा दर किलोमागे घरगुती सिलिंडरपेक्षा जास्त पडतो, तरी विद्यार्थ्याने घ्यावा तर हाच. मालकाने पहिल्याच दिवशी एवढं सांगितलं तरी चोरीच्या टाकीचा निम्मा धोका दारातच थांबेल.

मुलांची संख्या वाढली की मालकाला मेस सुरू करायचा मोह होतो. वीस मुलांचा स्वयंपाक लाल घरगुती सिलिंडरवर करता येत नाही. तिथे 19 किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडरच लागतो, आणि लाल सिलिंडर सापडला तर 2000 च्या त्याच आदेशाखाली कारवाई होते. शिवाय वसतिगृह म्हणून जागा चालवायची झाली तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 ची बंधनं येतात. तेव्हा मात्र नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात आधी चौकशी करावी, खोल्या भरल्यावर नाही.

भाडेकरू राहायला आल्यावर मालकाने त्याच्या शेगडीला हात लावावा का, हा नाजूक प्रश्न आहे. माझं मत असं की पहिल्या दिवशी दोघांनी मिळून बघावं. नळी केशरी रंगाची, आतून पोलादी तारेची जाळी असलेली, आयएसआय छापाची असावी, दीड मीटरहून लांब नसावी, आणि पाच वर्षांत बदललेली असावी. वर्ष तिच्यावरच छापलेलं असतं. जुनी हिरवी नळी दिसली की तिथेच थांबावं. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. बी 27 असेल तर जून 2027 नंतर त्या सिलिंडरची चाचणी झाल्याशिवाय तो घरात येता कामा नये. तारीख उलटलेला सिलिंडर आणून देणाऱ्याच्या हाती परत करण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी बोटाने नळीच्या दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरच्या बुडाला लावावं. बुडबुडा उठला तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधायची जुनी सवय अजून काही हातांत आहे, ती सोडायला सांगावं लागतं. एजन्सीचा मेकॅनिक पाच वर्षांतून एकदा सक्तीची तपासणी करतो, ती कधी झाली हेही विचारून घ्यावं.

एवढं सगळं करूनही एक वस्तू राहते, आणि मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. गॅस गिझर. ती बहुतेक वेळा मालकानेच बसवलेली असते, कारण वीजबिलाची कटकट नको. म्हणजे इथे जबाबदारी भाडेकरूवर ढकलायला जागाच नाही. गिझरमधली ज्योत हवेतला ऑक्सिजन घेते. बाथरूम लहान आणि दार बंद, म्हणून ऑक्सिजन कमी पडतो, जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. गॅसचा जो उग्र वास आपल्याला ओळखीचा आहे, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, आणि गॅस जळला की तो वासही जळून जातो. त्यामुळे "वास आला तर कळेलच" ही खात्री इथे उपयोगाची नाही. आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते, आणि आतून कडी लावलेली असते. जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा असाच जीव गेला. मार्च 2023 मध्ये होळी खेळून घरी आलेलं एक दांपत्य घाटकोपरला बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हाही पहिला संशय गॅस गिझरवरच गेला.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गारठतात. भाडेकरू काय करतो? बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावतो. मालकाने झरोका दिला होता हे खरं, पण तो का दिला हे सांगितलं नव्हतं. म्हणून गिझर बाथरूमच्या आत ठेवूच नये. बाहेर मोकळ्या हवेत, बाल्कनीत किंवा मागच्या भिंतीवर बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. ते जमत नसेल तर विजेचा गिझर द्यावा. वीजबिल भाडेकरूच्या मीटरवर पडेल, आणि तो कुरकुरला तरी चालेल. आधीच आत बसवलेला गॅस गिझर असेल तर पुढचा भाडेकरू येण्याआधी तो काढून टाका. दुरुस्ती, सर्व्हिसिंग, सूचनेचा स्टिकर, यांपैकी कशानेही ती जागा सुरक्षित होत नाही.

कागदाकडे येऊ. अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत गावोगाव घट्ट बसलेली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी असावा लागतो, त्याची नोंदणी व्हावी लागते, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे नोंदणी न केलेल्या करारात गॅसबद्दल तुम्ही कितीही चांगलं लिहिलं असलं तरी ऐन वेळी त्याला वजन राहत नाही. नोंदणी आता घरबसल्या आधारच्या आधारे ऑनलाइन होते आणि लिव्ह अँड लायसन्सवरचं मुद्रांक शुल्क अगदी थोडं, पाव टक्का आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश वेळोवेळी निघतात, तेही याच वेळी उरकून घ्यावं.

त्याच कायद्याची आणखी तीन कलमं उपयोगाची आहेत. कलम 14 प्रमाणे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर तो ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतची रक्कम भाड्यातून वळती करू शकतो. तुटलेली खिडकी, बुजलेला झरोका यात येतो. कलम 28 मालकाला पूर्वसूचना देऊन, योग्य वेळी जागेची पाहणी करण्याचा हक्क देतं. वर्षातून एकदा, शक्यतो थंडी सुरू होण्याआधी, निरोप देऊन जा आणि झरोका उघडा आहे का एवढं बघून या. न सांगता दार वाजवून आत शिरणं मात्र त्यात बसत नाही. आणि भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडणं कलम 29 ने गुन्हा ठरवलं आहे.

करारात गॅसचं कलम बहुतेक छापील मसुद्यांत नसतंच. ते साध्या मराठीत असं घालता येईल : "स्वयंपाकाच्या गॅसचे कनेक्शन राहणारा स्वतःच्या नावाने व या पत्त्यावर घेईल. अनधिकृतपणे भरलेली टाकी जागेत आणणार नाही. स्वयंपाकघर व बाथरूम यांचे झरोके बंद करणार नाही. मालकाने झरोके, ओटा व गरम पाण्याची सोय राहणाऱ्यास प्रत्यक्ष दाखवून समजावून दिली आहे. मालक वर्षातून एकदा पूर्वसूचना देऊन पाहणी करील." शेवटून दुसरं वाक्य मालकासाठी सगळ्यात मोलाचं आहे, कारण 1882 च्या त्या कलम 57 चं पालन केल्याचा तो लेखी पुरावा होतो. अर्थात आधी खरोखर दाखवलेलं असलं पाहिजे. भाडेकरू जागा सोडेल तेव्हा त्याने कनेक्शन दुसऱ्या पत्त्यावर नेलं की एजन्सीत परत केलं, हे विचारल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. नाही तर तुमच्या पत्त्यावर एक अनोळखी कनेक्शन राहून जातं आणि पुढच्या भाडेकरूच्या अर्जाला ते आडवं येतं.

आणि एक कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, मोठ्या अक्षरांत. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, सिलिंडरला टोपी लावा. दिवा, पंखा, एक्झॉस्ट, काहीही चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, बटणातली ठिणगी दोन्ही वेळा पडते. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, आणि फोन बाहेर जाऊन करा. गॅस गळतीसाठी देशभर एकच क्रमांक आहे, 1906, आणि तो चोवीस तास चालू असतो.